लायबेरियाला लागलेली हळद

सांगलीत कुणी ‘लायबेरिया कुठं आला?’ असं विचारलं, तर आमच्या पेठेतले लोक माझ्या दुकानाकडं बोट दाखवतात. त्यात कौतुक कमी आणि चेष्टा जास्त असते, हे मला ठाऊक आहे. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. उंच गिऱ्हाईक आलं की आधी त्याचं डोकं आपटतं, मग व्यवहार सुरू होतो. तिथं मी अल्बम, चिमटे, भिंगं आणि जुनी टपाल तिकिटं विकतो, आणि लोकांनी आणलेल्या तिकिटांची पारख करतो. लायबेरियाची सुरुवातीची तिकिटं आणि तिथून आलेली जुनी पत्रं हा माझा खास विषय. आमच्या घरात त्याला ‘ह्यांची आफ्रिका’ म्हणतात. ‘ह्यांची आफ्रिका जेवणाच्या टेबलावरून उचला, ताटं घ्यायचीत,’ असं वाक्य आमच्याकडं रोज ऐकू येतं.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा देश माझ्या वाट्याला कसा आला, याची कहाणी फार उदात्त नाही. धंद्याच्या सुरुवातीला मी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडं भारताची जुनी तिकिटं घ्यायला गेलो होतो. भाव ऐकून घाम फुटला. माझं तोंड बघून त्या भल्या माणसानं टेबलाखालून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं आणि म्हणाला, “हे न्या. याला कुणी विचारत नाही.” खोक्यात सगळी लायबेरियाची तिकिटं होती. ज्याला कुणी विचारत नाही त्यात माणूस लवकर तज्ज्ञ होतो, हा शोध मला तेव्हा लागला. पुढं गावोगावच्या संग्राहकांची पत्रं यायला लागली, तेव्हा मीही गंभीर चेहरा करायला शिकलो.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. लायबेरियाच्या पहिल्या तिकिटांवर एक बाई बसलेली आहे आणि तिच्यामागं समुद्रात जहाज आहे. ही तिकिटं छापली लंडनमध्ये, दगडावरच्या छपाईनं. काहींचा कागद जाड, काहींचा पातळ. काहींच्या चौकटीबाहेर आणखी एक बारीक रेघ आहे, काहींना नाही. एवढ्या फरकावर माझ्यासारखी माणसं आयुष्य काढतात. त्यात या तिकिटांच्या नकला इतक्या झाल्या आहेत, की खऱ्यापेक्षा खोटी बाईच जास्त वेळा भेटते. खोटीचा चेहरा जरा झोपाळू असतो. हे वाक्य मी एकदा बायकोसमोर, म्हणजे उज्ज्वलासमोर, बोललो. ती म्हणाली, “तीस वर्षं बायकांचे चेहरे भिंगातनं बघताय, आणि मी नवी साडी नेसलेली दिसत नाही.”

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक गृहस्थ वडिलांचा अख्खा संग्रह ‘स्वच्छ करून’ घेऊन आले होते. धुण्याच्या पावडरमध्ये भिजवून, दोरीला चिमट्यांनी लावून वाळवलेला. वास मात्र छान येत होता. आणखी एक आठवण पाटणच्या एका पोरीची. ती पोलीस दलातून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेली होती आणि लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोव्हियात, राहून आली होती. माझ्याबद्दल ऐकून मुद्दाम दुकानात आली. मी अधीर होऊन विचारलं, “जुनं पोस्ट पाहिलंस का?”

“न्हाई वो काका, ड्युटी असायची. पन पाऊस सांगते. आपल्या कोयनेवानी पडतो. कपडे वाळता वाळत न्हाईत.” मग माझ्या कपाटांकडं बघून म्हणाली, “तुमी कदी गेलाच न्हाई?”

“अजून नाही.”

“एवढं सगळं न जाताच?” ती हसली, आणि मीही हसलो. तिथं जायचं राहिलं, ही रुखरुख मात्र खरी आहे. लायबेरिया माझ्याकडं फक्त पाकिटातून आला.

तशाच एका पाकिटाची ही गोष्ट. गेल्या वर्षी गणपतीनंतर आप्पा चौगुले दुकानात आले. आप्पा म्हणजे मार्केट यार्डातले जुने हळदीचे व्यापारी. वय ऐंशीला टेकलेलं, टोपी पांढरीशुभ्र आणि बोटांची नखं कायमची पिवळी. आमच्या गावात बोटाच्या रंगावरूनही धंदा कळतो.

“माळी, बसू का?”

“बसा की आप्पा. डोकं सांभाळा.”

डोकं आपटलंच. मग त्यांनी पंच्यात गुंडाळलेली वस्तू काढली. आत लिव्हरपूलच्या पत्त्यावर गेलेलं एक जुनं पाकीट होतं, आणि त्यावर माझी बसलेली बाई, निळ्या रंगात. लायबेरियाची पहिली तिकिटं सुटी मिळतात. पाकिटावर असलेली अशी मी फार कमी हातात धरली आहेत.

“हे तुमच्याकडं कसं?”

“आमच्या बाबांची हळद बाहेर देशात जायची. मुंबईच्या दलालानं आमा पोरांना खेळायला दिल्यालं. माझा थोरला भाऊ तात्या, आन मी. दोघं मिळून तिकिटं जमवायचो.” आप्पांनी पंच्याची घडी केली. “फुडं वाटणी झाली. जमीन झाली, दुकान झालं, भांडी झाली. आल्बम तात्यानं मागितला, मी दिला. हे पाकीट तेवढं त्यानं मला ठिवलं.”

“मग?”

“मग एका शान्यानं मला सांगितलं, ‘आप्पा, ह्याच्यावरचं तिकीट मूळचं न्हवं. कुणीतरी मागनं डकवलंय.’ मलाबी वाटलं, ल्हानपणी ते लय गडद निळं व्हतं. एका लग्नात, पंगतीत, सगळ्यांच्या देखत बोलून गेलो. म्हटलं, तात्यानं चांगलं काढून घेतलं आन मला भलतंच चिकटवून दिलं.”

“आणि तात्या?”

“पानावरनं उठला. त्याची बायको आधीच वारल्याली. पोरीकडं साताऱ्याला गेला, तो परत आलाच न्हाई. तवापास्नं बोलणं न्हाई.” आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “आता दिवाळीनंतर त्याचं काळजाचं आपरेशन हाय. ह्या वयात काय भरवसा? जायला पायजे. पन कुठल्या तोंडानं जाऊ? तिकीट बदलल्यालं असंल तर मी का वाकू? मूळचं असंल तर पाय धरतो.”

“तुम्हाला स्वतःला काय वाटतं आप्पा?”

“मला वाटतंय, बदलल्यालं हाय.” मग मांडीवरची टोपी नीट करत, “पन मूळचं निघू दे.”

अशी पारख माझ्याकडं पूर्वी कधी आली नव्हती. आपलं म्हणणं खोटं ठरावं म्हणून आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघत होतो.

आता यातली गोम सांगतो. तिकीट खरं आहे का, हे मी त्याच संध्याकाळी सांगू शकलो असतो. कागद जाड, छपाई बरोबर, बाई चांगली टक्क जागी. तिकीट अस्सलच होतं. पण प्रश्न तो नव्हताच. ते तिकीट याच पाकिटावर पहिल्यापासून होतं का, हा प्रश्न होता. त्यासाठी आमच्या धंद्यात बघतात तो टपालाचा शिक्का. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर पडला, की तो दोघांना बांधतो. मग तिकीट काढून दुसरं लावलं तर शिक्क्याची वर्तुळं जुळत नाहीत. अशा तिकिटाला आम्ही ‘बांधलेलं’ म्हणतो. आप्पांच्या पाकिटावरचा शिक्का मात्र दुसऱ्याच कोपऱ्यात पडला होता, आणि तिकिटावर कुण्या पोस्टमास्तरानं पेनानं फुली मारली होती. ती फुली तिकिटाच्या आतल्या आत संपली होती. त्या माणसाचा हात जरा मोकळा असता, फुली केसभर बाहेर गेली असती, तर चौगुल्यांच्या घरातलं भांडण झालं नसतं. काटकसरी माणसाचा मला तेव्हापासून राग येतो.

‘तिकीट खरं, बाकी सांगता येत नाही’ हे उत्तर मी आप्पांना देऊ शकत होतो. पण ते उत्तर घेऊन ते साताऱ्याला जाणार नव्हते, हे उघड होतं. मी चालढकल करत राहिलो. पाकीट पारदर्शक पिशवीत घालून माझ्या हत्यारांच्या डब्यात ठेवलं. हत्यारं म्हणजे चिमटा, भिंग, तिकिटाची दातेरी कड मोजायची पट्टी आणि नोटा तपासायला वापरतात तसला जांभळ्या उजेडाचा दिवा. समोर राहिलं की विचार होतो, अशी माझी समजूत.

आणि खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी ज्याचं जे हत्यार त्याची पूजा होते. गॅरेजवाल्याचे पाने, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, शिंप्याचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. माझ्या डब्याला उज्ज्वला दरवर्षी वरूनच हळदकुंकू लावते. त्या दिवशी मी माधवनगरला एकाचा संग्रह बघायला गेलो होतो. परत आलो, तर देवघरासमोर पाट, पाटावर लाल कापड, आणि त्यावर ओळीनं चिमटा, भिंग, पट्टी, दिवा. आणि शेवटी, पिशवीतून बाहेर काढलेलं, आप्पांचं पाकीट. त्यावर झेंडूच्या पाकळ्या आणि हळद.

मी चपला न काढताच आत धावलो. उज्ज्वला म्हणाली, “आज म्हटलं उघडून नीट पूजा करावी. यंदा धंदा कसा बसलाय.”

“ते पाकीट माझं नाही!”

“मग हत्यारांच्या डब्यात कशाला ठेवलंत?”

मी पाकीट पाटावरून उचललं.

मी पाकिटावरची पूड मऊ कुंचल्यानं झाडली. कुंकू पडलं नव्हतं, देवाची कृपा. मग खोलीत अंधार करून जांभळा दिवा लावला. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, हळद त्या उजेडात पेटते. हिरवट पिवळी, काजव्यासारखी. उरलेसुरले कण दिसले, तेही झाडले. पण तिकिटाच्या खालच्या कोपऱ्यात एक डाग पेटलेला राहिला. कुंचल्यानं हलेना. अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर. साध्या उजेडात बघितलं तर जुन्या कागदाच्या पिवळेपणात तो मिसळून गेला होता. मी आधी दिवा लावून बघितलंच नव्हतं, त्यामुळं तो आजचाच, याबद्दल मला शंका नव्हती.

दोन भावांचं आयुष्य ज्या कागदावर अडकलं होतं, त्यावर आम्ही नेमक्या जागी हळद चोळली होती.

उज्ज्वला वाकून बघत म्हणाली, “उन्हात ठेवा. साडीवरचा हळदीचा डाग उन्हात उडतो.”

“तिकिटाचा निळा रंगही उडतो.”

“मग तिकिटावर काळा कागद कापून ठेवा. डाग तेवढा उघडा ठेवा.”

खरं सांगतो, मी काळा कागद कापायला घेतला. पण डाग अर्धा तिकिटावरच होता. तेवढा भाग झाकायचा की उघडा ठेवायचा, या विचारात कात्री हातात धरून बसलो, आणि जीव कासावीस झाला. माणूस कासावीस झाला की बायकोवर चिडतो. मी म्हणालो, “पण पूजा करताना एवढा दाबून अंगठा कशाला लावायचा?”

“अंगठा?” उज्ज्वला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “पूजेला अंगठा कोण लावतं? मी अनामिकेनं वाहिली हळद. मला काय तिकीट चिकटवायचं होतं?”

“हा अंगठाच आहे. रेघा दिसतायत.”

“द्या ते भिंग.” तिनं भिंग घेतलं, जांभळ्या उजेडात डोळा लावला, मग स्वतःचा अंगठा शेजारी धरला. “हे बघा. माझ्या अंगठ्याच्या निम्मा आहे हा. हा पोराचा अंगठा आहे.”

आमच्या घरात पोर नाही. मुलगी पुण्यात नोकरी करते, आणि तिचा अंगठा आता फोनवरच चालतो. मी उज्ज्वलाच्या हातून भिंग जवळजवळ ओढलं. एका पोराचा बारकासा अंगठा, त्याच्या रेघा पाकिटावरून निघून, तिकिटाच्या दातेरी कडेवर चढून, सरळ तिकिटावर गेलेल्या. कुठं तुटलेल्या नाहीत, कुठं सरकलेल्या नाहीत. शिक्क्याची वर्तुळं जशी बघतो तशी मी प्रत्येक रेघ तपासली. तिकीट नंतर कुणी बदललं असतं, तर अंगठा कडेशी येऊन थांबला असता.

“उज्ज्वला,” मी म्हणालो, “हे बांधलेलं आहे.”

“काय?”

“तिकीट. हळदीनं बांधलंय.”

काळा कागद मी चुरगळून टाकला. त्या क्षणी इतकं हलकं वाटलं, की तिनं पूजेतला पेढा पुढं केला तो मी दोन्ही हातांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी पाकीट आणि दिवा घेऊन मार्केट यार्डात आप्पांच्या पेढीवर गेलो. पेढीला आंब्याचं तोरण, आत हळदीचा घमघमाट. आप्पांनी आपट्याची पानं हातात दिली, “सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा.” मी म्हणालो, “आप्पा, दार लावा. अंधार पाहिजे.”

अंधारात दिवा लावला. अंगठा पेटला. मी काहीच समजावून सांगितलं नाही, नुसतं भिंग दिलं. आप्पा बराच वेळ वाकून होते. मग आवाज आला, पण तो मला उद्देशून नव्हता.

“आमी शाळंतनं आलो की हळकुंडं निवडायला बसायचो. हात पिवळेधम्म. तसंच पाकीट उचललं. बाबांनी बघितलं. ‘दुसऱ्याच्या देशाची चीज, हात धुवून धरता येत न्हाई?’ म्हणून लय बदडलं तात्याला.” ते सरळ झाले. “तात्याचा अंगठा हाय ह्यो. बाबांच्या हयातीतला. म्हंजी तवापास्नं हेच तिकीट.”

“हेच.”

“तात्यानं बदललं न्हाई.”

“नाही आप्पा.”

आप्पांनी दार उघडलं आणि बाहेर ओरडले, “गाडी काढा रं! साताऱ्याला जायचंय.” मग माझ्याकडं वळून, “माळी, तुमी बसा गाडीत. दिवा घ्या. मला एकट्याला बोलायला येणार न्हाई.”

कराड मागं पडलं. उंब्रजच्या पुढं आप्पा म्हणाले, “काय म्हणू? चुकलं म्हणू?”

“म्हणा.”

“तोंडातनं निघंल का?” सातारा दिसायला लागला तसे ते हातातली आपट्याची पानं एकसारखी करत राहिले. इतकी, की ती मऊ पडली.

दार तात्यांच्या मुलीनं उघडलं. “आप्पाकाका?” एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली. तात्या खुर्चीत बसले होते. सडपातळ, उंच, शाल पांघरलेली. त्यांनी आप्पांना बघितलं आणि नजर खिडकीकडं फिरवली.

आप्पा गाडीत जुळवलेलं एकही वाक्य बोलले नाहीत. पुढं गेले, तात्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि वाकून पायाला हात लावला. दसऱ्याला थोरल्याच्या पाया पडायला कारण सांगावं लागत नाही. ज्यानं कुणी ही रीत पाडली त्याला माणसं चांगली कळत होती. तात्यांचा हात आपोआप आप्पांच्या टोपीवर गेला, आणि तिथंच राहिला.

“सोनं घेऊन आलास?” तात्या म्हणाले. “का तिकिटाचं भांडण घेऊन?”

“तिकीट घेऊन आलोय. भांडण संपलं, तात्या. बघा तर.”

पडदे ओढले. मी दिवा लावला. तात्यांनी चष्मा काढून भिंग डोळ्याला लावलं, आणि त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

“एवढ्यासाठी एवढी वर्षं?” ते म्हणाले. “मला इचारलं असतंस तर सांगितलं असतं की. तुझा अंगठा हाय त्याच्यावर.”

“माझा?” आप्पा ताठ झाले. “आवं, तुमचा हाय. मार तुमी खाल्ला.”

“मार मी खाल्ला, थोरला म्हणून. अंगठा तुझा. एवढासा तर हाय. तवा माझे हात केवढे व्हते!”

“आवं, तुमी किडकिडीत व्हता. हात तेवढेच व्हते.”

“आप्पा, आजारी माणसाशी वाद घालू नको.”

“आजारी माणसानं खोटं बोलू नये.”

तात्यांची मुलगी दारात तोंडाला पदर लावून उभी होती. रडत होती का हसत होती, मला कळलं नाही. तिनं चहा आणला, तो गार झाला, पुन्हा केला, तोही गार झाला. दोघं बाबांचा मार, हळकुंडांचे ढीग, कुणाचे हात केवढे, यावर भांडत बसले. परतताना आप्पा गाडीत झोपले. इतके गाढ, की सांगली आली तरी उठेनात.

दिवाळीनंतर तात्यांचं ऑपरेशन झालं. आप्पा तिथंच मुक्कामाला होते. आता तात्या फिरतात, पथ्य मोडतात आणि फोनवर आप्पांना पथ्य सांगतात. पाकीट एक वर्ष सांगलीत आणि एक वर्ष साताऱ्यात राहणार, असं त्यांनी ठरवलंय. त्यासाठी मला दाखला लिहून द्यावा लागला. दाखल्यात तिकीट कशानं बांधलंय हे लिहायची पद्धत असते. काळ्या शिक्क्यानं, निळ्या शिक्क्यानं, पेनानं. मी बराच विचार करून लिहिलं : ‘तिकीट अस्सल. पाकिटाशी हळदीच्या अंगठ्यानं बांधलेलं.’ जगात असा दाखला दुसरा कुणी लिहिला असेल असं वाटत नाही. उज्ज्वलानं तो वाचला आणि म्हणाली, “पूजेचं नाव कुठाय यात?” यंदाही खंडेनवमीला डबा तिनंच उघडला. मी दुसऱ्यांची सगळी पाकिटं आधी कपाटात टाकून कुलूप लावलं, एवढंच.

अंगठा कुणाचा, हे मात्र अजून ठरलेलं नाही. दोघा भावांपैकी कुणाचा ना कुणाचा फोन येतो, “माळी, तुमी सांगा, तुमी जाणकार हाय.” मी सांगतो, मला लायबेरियाचं काय ते विचारा. सांगलीचं मला काही कळत नाही.